समुद्र बदलला की जाळं?

माझं बालपण रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या मोहल्ल्यात गेलं. माझे नाना, म्हणजे आईचे वडील, तांडेल होते. त्यांच्या उमेदीच्या काळात जाळी सुताची असत. झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून ती रंगवायची आणि वरचेवर उन्हात वाळत टाकायची, नाहीतर ती कुजायची. मग नायलॉन आलं. नाना सांगत, ज्या वर्षी त्यांच्या होडीवर नायलॉनचं जाळं चढलं, त्या वर्षी मासळी वाढली. मोहल्ल्यात जो तो म्हणू लागला, 'यंदा दर्याला बरकत आली.' नाना हसून म्हणायचे, 'दर्या तोच आहे रे बाबा, जाळं नवं आहे.'

नानांचं हे वाक्य मला खूप वर्षांनी आठवलं, ते समुद्रातल्या प्लवकांच्या नोंदींचा इतिहास वाचताना. मी विज्ञानाचा विद्यार्थी नाही. बी.ए. झालो, मराठीत कविता आणि गझला लिहितो. पण किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला समुद्राविषयीचं कुठलंही पुस्तक परकं वाटत नाही. आणि या पुस्तकांतून मला जे दिसलं ते असं, की नानांनी ओसरीवर बसून हसत हसत जी गोष्ट सांगितली, तिच्याशी जगभरचे समुद्रशास्त्रज्ञ शंभर वर्षं झगडत आले आहेत. समुद्र बदलला, की आपलं जाळं बदललं, हे ओळखायचं कसं?

आधी प्लवक म्हणजे काय ते सांगतो. पाण्याच्या ओढीबरोबर वाहत राहणारे जे जीव, ते प्लवक. आपल्या ओळखीचा जवळा हा याच गोतावळ्यातला. तो थोडाफार पोहतो, पण भरती-ओहोटीपुढे त्याचं काही चालत नाही. यातले काही वनस्पतिप्लवक. ते बहुतेक एकाच पेशीचे, डोळ्यांना न दिसणारे. पण पृथ्वीवर सूर्यप्रकाशापासून जेवढं अन्न तयार होतं, त्याच्या जवळजवळ निम्मं हेच तयार करतात. त्यांना खाणारे ते प्राणिप्लवक. कोपेपॉड नावाचे तांदळाच्या कणीएवढे जीव त्यांत सर्वांत जास्त. तारली, हेरिंगसारखी मासळी त्यांच्यावर जगते. म्हणजे समुद्रातल्या साऱ्या पंक्तीचं पहिलं पान इथं वाढलेलं असतं. ते पान रिकामं होत असेल, तर मासेमारी करणाऱ्यांना आणि मासळी खाणाऱ्यांना ते वेळीच कळायला हवं.

'प्लँक्टन' हा शब्द जर्मनीतल्या कील इथले व्हिक्टर हेन्सेन यांनी १८८७ मध्ये रूढ केला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ भटकणारा. हेन्सेन यांचा आग्रह असा, की समुद्रातले जीव नुसते पाहून वर्णन करू नका, मोजा. ठरावीक तोंडाचं जाळं ठरावीक खोलीवरून ओढा, आणि त्यात किती जीव आले ते नोंदवा. जाळ्यासाठी त्यांनी वापरलं ते गिरणीवाले पीठ चाळायला वापरत ते बारीक विणीचं रेशीम. आपल्याकडे वैद्य औषधाची पूड वस्त्रगाळ करतात, तसा समुद्र वस्त्रगाळ करण्याचा हा उद्योग. पण वस्त्रगाळ केलेल्या पुडीत काय उरतं ते वस्त्रावर अवलंबून असतं. वस्त्र जाड असेल तर पूड वेगळी, तलम असेल तर वेगळी. ही अडचण पहिल्या दिवसापासून या शास्त्राला चिकटलेली आहे.

आता गोष्टीतला मुख्य माणूस येतो. ॲलिस्टर हार्डी हे इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ. १९२५ ते १९२७ या काळात ते 'डिस्कव्हरी' जहाजावरून दक्षिण महासागरात गेले. व्हेल माशांचं खाद्य कुठं, किती आहे, याचा शोध चालला होता. नेहमीचं जाळं एका जागी ओढलं तर तिथलंच काय ते कळतं. पण प्लवक समुद्रात सारखे पसरलेले नसतात. ढगांसारखे त्यांचे पुंजके असतात. इथं दाट, तर मैलभरावर काहीच नाही. हार्डींना वाटलं, हवामान खातं जसा ढगा-वाऱ्याचा नकाशा काढतं, तसा प्लवकांचा नकाशा काढता आला तर हेरिंग पकडणाऱ्या कोळ्यांना केवढी मदत होईल! त्यासाठी त्यांनी एक यंत्र बनवलं. त्याचं नाव 'कंटिन्युअस प्लँक्टन रेकॉर्डर'. आपण त्याला प्लवक-नोंदयंत्र म्हणू.

हे यंत्र मोठं गमतीचं आहे. सुमारे एक मीटर लांबीची धातूची पेटी, माशासारख्या आकाराची. ती जहाजामागं दोरानं ओढायची. पुढच्या टोकाला जेमतेम सव्वा सेंटिमीटरचं चौकोनी तोंड. त्यातून पाणी आत शिरतं आणि रेशमाच्या पट्टीतून गाळलं जातं. मागच्या बाजूला पंखा असतो, तो पाण्याच्या जोरावर फिरतो. त्याच्या दातेरी चाकांनी रेशमाची पट्टी हळूहळू पुढं सरकते. प्लवक पट्टीवर अडकले, की वरून दुसरी रेशमी पट्टी येऊन बसते, आणि दोन्ही मिळून फॉर्मॅलिनच्या डब्यात गुंडाळल्या जातात. आत वीज नाही, बॅटरी नाही. दहा सागरी मैलांच्या प्रवासाला सुमारे दहा सेंटिमीटर रेशीम. बंदरात आल्यावर गुंडाळी उलगडायची, की वाटेवरचा सगळा समुद्र ओळीनं वाचता येतो.

आणि हे यंत्र ओढायला संशोधनाचं महागडं जहाज लागत नाही. १९३१ मध्ये हार्डींनी इंग्लंडमधल्या हल इथून मालवाहू जहाजांमागं ही यंत्रं सोडायला सुरुवात केली. जहाज आपल्या नेहमीच्या वाटेनं जायचं, खलाशी यंत्र पाण्यात सोडायचे आणि काढायचे. ही पद्धत आजही चालू आहे. मधे महायुद्धात, १९३९ पासून १९४६ पर्यंत खंड पडला. पुढं हे काम हलहून एडिंबराजवळच्या लीथला आणि तिथून प्लिमथला गेलं. १९८० च्या दशकाच्या अखेरीला तर ते बंदच पडण्याच्या बेतात होतं. वर्षानुवर्षं तेच ते मोजत बसण्यात कसलं आलंय विज्ञान, असा तेव्हाचा सूर होता. १९९० मध्ये हार्डींच्या नावाचं प्रतिष्ठान निघालं आणि काम तगलं. २०१८ मध्ये ते प्लिमथच्या मरीन बायॉलॉजिकल असोसिएशनमध्ये सामील झालं. या यंत्रांनी आजवर सुमारे ७० लाख सागरी मैल समुद्र गाळला आहे.

या सगळ्यात मला सर्वांत नवल वाटलं ते या लोकांच्या हट्टाचं. जगात नायलॉन आलं, पण यांनी रेशीम सोडलं नाही. पट्टीची वीण सुमारे २७० मायक्रॉनची, म्हणजे एका मिलिमीटरच्या चौथाईहून किंचित मोठी. ती तशीच ठेवली. सूक्ष्मदर्शकाखाली जीव मोजण्याची रीत १९५८ पासून जवळजवळ तीच आहे. पट्टीचा हिरवेपणा तर आजही माणूस डोळ्यांनी पाहून ठरवतो. प्रती चारच: रंग नाही, अगदी फिका हिरवा, फिका हिरवा, आणि हिरवा. संगणकाच्या जमान्यात हे हास्यास्पद वाटेल. पण १९५० च्या दशकातल्या माणसानं ज्याला 'फिका हिरवा' म्हटलं, त्यालाच आजचा माणूस 'फिका हिरवा' म्हणत असेल, तर त्या दोन शब्दांमधून आपण काही दशकं ओलांडून बोलू शकतो. नवं, अचूक यंत्र आणलं, तर आजचा समुद्र अधिक नीट दिसेल. पण कालच्या समुद्राशी बोलणं तुटेल.

तरीही सगळंच तसंच ठेवणं कुणाच्या हातात नसतं. यंत्र तेच राहिलं, पण ते ओढणारी जहाजं वेगवान होत गेली. वेग वाढला तसा यंत्राचा तोल सांभाळायला त्याच्या शेपटीची रचना बदलावी लागली. मग शंका आली. वेगानं ओढल्यावर यंत्र वर तर येत नाही ना? वरच्या थरात प्लवक वेगळे असतात, खालच्या थरात वेगळे. तसं झालं असेल, तर आपण समुद्राचा बदल म्हणून जे सांगतो आहोत, तो जहाजांच्या इंजिनांचा बदल असेल! म्हणून १९९० च्या दशकात यंत्रांवर खोली आणि पाण्याचा प्रवाह मोजणारी साधनं बसवून तपासणी झाली. यंत्र साधारण सात मीटर खोलीवरच चालतं, असं आढळलं. प्लिमथजवळ एका ठिकाणी १९८८ पासून दर आठवड्याला साधं जाळं टाकून प्लवक मोजतात. त्याच्याशीही ताडून पाहिलं. हार्डींच्या यंत्रात आकडे कमी येतात, पण कुठल्या महिन्यात कोण वाढतं, कोण घटतं, याचा क्रम दोन्हीकडे बराचसा जुळतो. म्हणजे तराजू वजन कमी दाखवतो, पण रोज सारखंच कमी दाखवतो. असा तराजू कामाचा असतो.

या धीराचं फळ काय मिळालं? २००२ मध्ये या नोंदींवरून दिसून आलं, की ईशान्य अटलांटिकमधले उबदार पाण्यातले कोपेपॉड चार दशकांत अक्षांशाच्या सुमारे दहा अंशांनी उत्तरेकडे सरकले आहेत. उत्तर समुद्रात थंड पाण्यातल्या एका कोपेपॉडची जागा त्याच्या उबदार पाण्यातल्या भावंडानं घेतली. कॉड माशाच्या पिल्लांचं खाणं त्यावर अवलंबून, म्हणजे ही बातमी थेट कोळ्याच्या ताटापर्यंत पोहोचणारी. २००४ मध्ये जपून ठेवलेल्या जुन्या रेशमी पट्ट्या पुन्हा तपासल्या, तर १९६० च्या दशकापासूनचे प्लास्टिकचे बारीक तुकडे त्यांत सापडले आणि ते वाढत गेलेले दिसले. खलाशांच्या नोंदवह्यांतही एक खजिना होता. यंत्रात काही अडकलं, तर ते लिहून ठेवायची शिस्त होती. १९५७ मध्ये मासेमारीची दोरी, १९६५ मध्ये आयर्लंडजवळ प्लास्टिकची पिशवी. तेव्हा कुणाला ठाऊक होतं, की हा कंटाळवाणा कारकुनी मजकूर एक दिवस इतिहासाचा पुरावा होईल?

आता नाण्याची दुसरी बाजू. तेच जाळं कायम ठेवलं, तर त्या जाळ्याला जे दिसत नाही ते कायमचं अदृश्य राहतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कीलच्याच हान्स लोहमान यांच्या लक्षात आलं, की रेशमाच्या विणीतून असंख्य जीव निसटून जातात. हे त्यांना कळलं कसं? समुद्रात एक चिमुकला जीव असतो, तो स्वतःभोवती चिकट गाळणी विणून तिच्यातून अन्न गाळून खातो. लोहमान यांनी ती गाळणी तपासली. माणसाच्या जाळ्यात कधी न आलेले जीव तिथं अडकलेले होते! त्या जिवाचं जाळं माणसाच्या जाळ्याहून तलम निघालं. आणि १९८८ मध्ये तर याहून मोठा धक्का बसला. लेसरच्या झोतातून एकेक पेशी तपासणारं यंत्र जहाजावर नेलं, तेव्हा सॅली चिझम आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 'प्रोक्लोरोकॉकस' नावाचा जीव सापडला. आकार मायक्रॉनहूनही लहान. सूर्यप्रकाशावर जगणाऱ्या पृथ्वीवरच्या जिवांत संख्येनं हाच सर्वांत जास्त आहे, हे पुढं कळलं. शंभर वर्षं तो आपल्या प्रत्येक जाळ्यातून आरपार जात होता. तेव्हा जुनं साधन कधी सोडूच नये, असंही म्हणता येत नाही. प्रश्न सोडायचं कसं, हा आहे.

यासाठी आता अटलांटिकहून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियाला जाऊ. जाळं बदलणं म्हणजे काय, हे तिथं चांगलंच कळलं. तिथं तारलीसारख्या सार्डिन मासळीवर मोठा धंदा उभा राहिला होता, कारखान्यांच्या रांगा होत्या. १९४० च्या दशकात ती मासळी नाहीशी होत गेली आणि धंदा बुडाला. का, हे शोधायला १९४९ मध्ये समुद्राची नियमित पाहणी सुरू झाली. ती 'कॅलकॉफी' या नावानं ओळखली जाते आणि आजही चालू आहे.

सुरुवातीला तिथं एक मीटर व्यासाच्या कड्याचं रेशमी जाळं होतं. १९६९ मध्ये दोन बदल एकदम झाले. रेशमाच्या जागी नायलॉन आलं आणि जाळ्याचा आस ०.५५ मिलिमीटरवरून ०.५०५ वर आला. शिवाय आधी १४० मीटर खोलीपासून ओढायचे, ते २१० मीटरपासून ओढू लागले. मग १९७७ च्या अखेरीला जाळंच बदललं. जुन्या जाळ्याच्या तोंडापुढं तीन दोऱ्या येत, त्यांच्या हालचालीनं चपळ जीव सावध होऊन निसटत. नव्या जाळ्यात दोन कडी शेजारी शेजारी, बाँगो नावाच्या जोडढोलासारखी. आपण डग्गा-तबला म्हणू. ओढण्याचा दोर मधून जातो, तोंडापुढं काहीच नाही. म्हणून त्याला म्हणायचं बाँगो जाळं. त्यात मोठे, चपळ जीव जास्त सापडतात. सुधारणा चांगलीच होती. पण वेळ वाईट होती. त्याच सुमारास, १९७६-७७ मध्ये, खुद्द प्रशांत महासागराचा स्वभाव पालटला. वारे, प्रवाह, पाण्याचं तापमान, सगळ्यांत मोठा बदल झाला. म्हणजे दर्याही बदलला आणि जाळंही बदललं, अगदी एकाच वेळी!

१९९५ मध्ये डीन रोमिख आणि जॉन मॅकगोवन यांनी जाहीर केलं, की १९५१ पासून दक्षिण कॅलिफोर्नियाच्या समुद्रातले मोठे प्राणिप्लवक ८० टक्क्यांनी घटले आहेत आणि पृष्ठभागाचं पाणी तापलं आहे. बातमी जगभर गाजली. साहजिकच प्रश्न आला: समुद्र की जाळं? त्याच वर्षी मार्क ओमन आणि पॉल स्मिथ यांनी जुनी आणि नवी जाळी शेजारी शेजारी टाकून पूर्वी घेतलेल्या तुलनांचा हिशेब मांडला. बाँगो जाळं जुन्यापेक्षा जास्त पकडतं. म्हणजे केवळ जाळ्यामुळं आकडा वाढायला हवा होता. तो तर घसरला. तेव्हा घट जाळ्याची नव्हती.

पण गोष्ट इथं संपली नाही. प्लवक मोजायची तिथली साधी रीत म्हणजे नमुना मापात ओतून त्यानं किती जागा व्यापली ते पाहायचं, आपल्याकडे पायलीनं भात मोजत तसं. या मापात एक खोट होती. समुद्रात साल्प नावाचे पारदर्शक, पाण्यानं फुगलेले जीव असतात. दहा-वीस साल्प आले तरी माप भरल्यासारखं दिसतं, आत सत्त्व मात्र थोडं. ओमन आणि बर्टा लावानिएगोस यांनी जपून ठेवलेल्या जुन्या बरण्या पुन्हा उघडल्या आणि एकेक जात वेगळी करून मोजली. २००३ आणि २००७ मधल्या त्यांच्या लेखांतून दिसलं, की घट झाली ती मुख्यतः या साल्पांची. इतर बहुतेक गटांत तशी सलग घसरण नव्हती. म्हणजे जाळ्याच्या शंकेतून सुटलेला आकडा मापाच्या शंकेत सापडला. आणि सत्य सापडलं, कारण कुणीतरी पन्नास वर्षं बरण्या फेकून न देता जपल्या होत्या.

आणखी एक प्रसंग अलीकडचा. २०१० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात डॅनियल बॉइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख आला. जगातले वनस्पतिप्लवक शतकभर दर वर्षी सुमारे एक टक्क्यानं घटत आहेत, असा त्याचा निष्कर्ष. निम्मं अन्न बनवणारे जीवच संपत चाललेत, म्हटल्यावर माणसं घाबरणारच. पण शंभर वर्षांची मोजणी एकाच साधनानं थोडीच झाली होती? जुन्या काळातली माहिती सेकी तबकडीची. इटलीचे पाद्री-खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेकी यांनी १८६५ मध्ये प्रचारात आणलेली ही साधी गोल पांढरी तबकडी. पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी कुठं होते ती खोली लिहायची. पाणी गढूळ म्हणजे प्लवक जास्त, असा अंदाज. नंतरच्या काळातली माहिती मात्र पाण्याचा नमुना घेऊन त्यातलं हरितद्रव्य मोजून मिळवलेली. दोन्ही एका माळेत ओवली होती. २०११ मध्ये त्याच नियतकालिकात तीन टिपणं आली. त्यांचा आक्षेप असा, की माळेत जिथं एक मणी संपून दुसरा सुरू होतो, तिथला उतार हा समुद्राचा नसून मोजपट्टीचा असू शकतो. हार्डींच्या यंत्राचे लोक म्हणाले, आमच्या पट्ट्यांचा हिरवेपणा तर अटलांटिकमध्ये कमी न होता वाढलेला आहे. बॉइस यांनीही पुढं नव्यानं हिशेब केले. वाद चांगला झाला. त्यातून सर्वांनाच अधिक काळजीनं मोजायला शिकवलं गेलं.

गझल लिहिणाऱ्या माणसाला हे चटकन पटतं. उर्दूत एखादा दीर्घ स्वर गरजेनुसार ऱ्हस्व धरायची सवलत आहे. मराठी गझलेत ती चालत नाही. तीच ओळ उर्दूच्या नियमानं मोजली तर वजनात बसते, मराठीच्या नियमानं मोजली तर एक-दोन मात्रा जास्त भरतात. ओळ बदललेली नसते, मोजणारा बदललेला असतो. मुशायऱ्यात यावरून भांडणं झालेली मी पाहिली आहेत. कुठल्या नियमानं मोजलं ते आधी सांगितलं असतं, तर निम्मी भांडणं झालीच नसती.

आता आपल्या समुद्राकडे वळू. १९६० ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. चाळीसहून अधिक जहाजं त्यात होती. आपल्या नौदलाचं 'कृष्णा' हे जहाजही होतं. जितके देश तितकी जाळी असती, तर सारा खटाटोप पाण्यात गेला असता. म्हणून खास एक प्रमाण जाळं ठरवलं: तोंड एक चौरस मीटर, आस ०.३३ मिलिमीटर, दोनशे मीटर खोलीपासून सरळ वर ओढायचं. त्याला नावच मिळालं 'हिंदी महासागर प्रमाण जाळं'. जमलेले नमुने कोचीतल्या केंद्रात आणून निवडले गेले. मोहिमेतलं भारताचं काम पाहणारे डॉ. एन. के. पणिक्कर पुढं १९६६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले. ती संस्था आज गोव्यात दोना पावलाला आहे.

त्या मोहिमेनं आपल्याला एक आधाररेषा दिली. पण आधाररेषेचा उपयोग पुढं तशाच रीतीनं मोजत राहण्यात असतो. नंतरच्या दशकांत नवी जहाजं आली, 'गवेषणी' आली, 'सागर कन्या' आली, आणि जाळीही नवी आली. १९९० च्या दशकात अरबी समुद्राच्या मोठ्या अभ्यासात वापरलेलं जाळं वेगवेगळ्या खोलीवर आपोआप उघडझाप करणारं होतं, त्याचा आस ०.२ मिलिमीटर. जाळं म्हणून ते कितीतरी सरस. पण ०.३३ च्या आसातून जे बारीक जीव निसटत, ते ०.२ मध्ये अडकणार. तेव्हा १९६० च्या दशकातला आकडा आणि १९९० च्या दशकातला आकडा नुसते शेजारी ठेवून 'वाढ झाली' म्हणणं, म्हणजे आमच्या मोहल्ल्यानं 'बरकत आली' म्हणण्यासारखंच. मोहिमेला पन्नास वर्षं झाली म्हणून दुसरी हिंदी महासागर मोहीम डिसेंबर २०१५ मध्ये गोव्यातूनच सुरू झाली. पन्नास वर्षांपूर्वीच्या समुद्राशी आजच्या समुद्राची तुलना करताना हा आसाचा हिशेब मांडावाच लागतो.

आपल्या देशात १९५७ मध्ये आणे जाऊन नवे पैसे आले. तेव्हा सोळा आण्यांचे शंभर पैसे, हे कोष्टक सरकारनंच ठरवून दिलं होतं. म्हणून आजोबांची आण्यांतली चोपडी नातवाला वाचता येते. समुद्राच्या बाबतीत असं कोष्टक कुणी वरून देत नाही. ते कष्टानं बनवावं लागतं. त्याची रीत एकच: नवं जाळं आलं म्हणून जुनं त्याच दिवशी टाकायचं नाही. काही काळ दोन्ही जाळी एकाच पाण्यात, एकाच वेळी, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात, दिवसा आणि रात्री सोबत चालवायची. दोघांत काय आलं ते मांडायचं. नोंदवहीत नुसता आकडा न लिहिता कुठलं जाळं, केवढा आस, किती खोली, केवढा वेग, हे सारं लिहायचं. आणि नमुने जपायचे, म्हणजे उद्या कुणाला नवी शंका आली, तर बरणी उघडून पाहता येईल. यात पैसा जातो, वेळ जातो. दोनदा तेच काम कशाला, असं हिशेबनीस विचारतो. कॅलिफोर्नियाचा अनुभव हे त्याचं उत्तर आहे.

शास्त्रज्ञांनी आपल्याच आकड्यांवर शंका घेतली, म्हणून समुद्र तापतोय, बदलतोय हे खोटं ठरत नाही. उलट, शंका घेऊनही जे टिकलं ते अधिक भरवशाचं. अटलांटिकचे कोपेपॉड उत्तरेकडे सरकले, हे आपण ठामपणे सांगू शकतो, कारण मोजणाऱ्यांनी आधी स्वतःचं यंत्र तपासलं होतं. यापुढं आपल्या वाचनात 'समुद्रातलं अमुक इतके टक्के घटलं, तमुक वाढलं' अशी बातमी आली, तर ती लगेच खरीही मानू नका आणि झटकूनही टाकू नका. एवढंच विचारा, की तेव्हा कशानं मोजलं होतं आणि आता कशानं मोजलं?

नानांचं सुताचं जाळं पुष्कळ वर्षं आमच्या माळ्यावर पडून होतं. एकदा घर शाकारताना मामांनी ते टाकून द्यायला काढलं. नानांनी ते परत वर ठेवायला लावलं. 'आता याचा काय उपयोग?' असं मी विचारलं, तर म्हणाले, 'राहू दे. आमच्या वेळेला किती मासळी होती ते पुढं कुणी विचारलं, तर कशात पकडली होती ते दाखवायला नको?'